हिरवळ पिवळी पडली की युरियाच?

महोदय,
पावसाळ्यानंतर अंगणातली हिरवळ पिवळी पडली की लोक युरिया फेकून मोकळे होतात. आधी पाती बघावीत. जुनी, खालची पाती पिवळी असतील तर नत्र (नायट्रोजन) कमी, ते युरियातून मिळतं. चौरस मीटरला 10 ग्रॅम युरिया कोरड्या गवतावर विखरून लगेच भरपूर पाणी द्यावं, नाहीतर पाती करपतात. कोवळी पाती पिवळी नि शिरा मात्र हिरव्या, तर लोह कमी. चुनखडीच्या काळ्या जमिनीत हे नेहमीचंच. तिथे युरिया वाया जातो. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचं क्षार), चिमूटभर सायट्रिक अ‍ॅसिड घालून संध्याकाळी फवारावं. (फरशी सांभाळा, गंजाचे डाग हटत नाहीत.) तपकिरी ठिगळ सतरंजीसारखं उचललं जात असेल, तर मुळं हुमणीनं (मातीतल्या पांढऱ्या अळीनं) खाल्लीत; खत विसरा, माती उकरून अळ्या वेचा.

– एक वाचक, पुणे