भीतीची फवारणी

निफाड,
१८ नोव्हेंबर

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार.

द्राक्षबागेत हवामान आणि मातीची ओल मोजणारं यंत्र बसवू की नको, असं तू फोनवर विचारलंस. गडबडीत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

गेल्या आठवड्यात अवकाळीची सर आली, नेमकी बाग फुलोऱ्यात असताना. या अवस्थेत घडात डाऊनी, म्हणजे केवड्याची बुरशी, शिरली की वर्षाचं पीक हातचं जातं, हे तुला काय सांगायचं! पूर्वी अशा रात्री मी झोपायचोच नाही. पहाटे ट्रॅक्टर काढायचा, औषध फवारायचा ब्लोअर चालवायचा, दुसऱ्या दिवशी परत. रोग होता म्हणून नव्हे रे, भीती होती म्हणून.

यंदा वेलींच्या उंचीवर पानासारखी एक पट्टी बसवली आहे. ती किती तास ओली राहिली, ते मोबाईलवर दिसतं. डाऊनीला पान सलग काही तास ओलं लागतं, हवा गार-दमट लागते. त्या रात्री सर थांबली, वारा सुटला आणि तासाभरात पट्टी कोरडी झाली. मी फवारलं नाही. पुढचे आठ दिवस रोज पानं उलटून पाहिली. तेलकट डाग नाही, खाली पांढरी बुरशी नाही. त्या आठ दिवसांत जीव टांगणीला होता, हे खरं.

पण नाल्याकडच्या कोपऱ्यात दव उशिरापर्यंत राहतं आणि यंत्र तिथे नाही. तिथे मी स्वतः जातो, पानाला हात लावून बघतो आणि गरज वाटली तर तेवढ्याच ओळी फवारतो.

पाण्याचं तर मला वाईटच वाटलं. जमिनीत एक फुटावर आणि दोन फुटांवर सेन्सर आहेत. वरची माती भेगाळली की मी ड्रीप सोडायचो, आणि खाली चांगला वाफसा असायचा! इतकी वर्षं पांढरी मुळी मीच गुदमरवत होतो. विहिरीचं पाणी गेलं ते वेगळंच.

२०१० साली औषधाच्या अंशापायी युरोपात आपली द्राक्षं अडकली, ते दिवस आठवतात ना? ग्रेपनेटमुळे, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या त्या ऑनलाइन नोंदणीमुळे, आता पेटीवरून थेट प्लॉट सापडतो. म्हणून प्रत्येक फवारणी त्याच दिवशी मोबाईलमध्ये लिहितो. शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत किती दिवस राखायचे, ते चुकत नाही. तुझा माल बेदाण्याला जातो, तरी तूही लिहीत जा. खाणारी आपलीच पोरं आहेत.

एकट्याने घेऊ नकोस. महसूल मंडळाचं हवामान केंद्र लांब असतं, तिथला पाऊस आपल्या बांधावर पडेलच असं नाही. पण सारख्या उताराच्या चार-पाच बागांना एक यंत्र पुरतं. तुमच्या ओढ्याअलीकडचे सगळे मिळून घ्या. विकणाऱ्याला आधी दोन गोष्टी विचार: बिघडलं तर माणूस किती दिवसांत येईल, आणि आपल्या नोंदी आपल्याला परत मिळतील का?

मणी सेटिंग झालं, म्हणजे फुलांचे मणी धरले, की दोन दिवस ये. नाल्याचा तो कोपरा दाखवतो.

आबांना नमस्कार, वहिनींनाही.

तुझाच,
बाळू