दीड इंचाच्या दाराबद्दल काकूंचे आभार

ती. काकूंना,

सा. नमस्कार. वि. वि.

आभारबिभार मानायचे नाहीत आणि मानलेसच तर माझं नाव कुठे लिहायचं नाही, असं तुम्ही फोनवर बजावलंत. त्यातलं दुसरं मी पाळतो आहे. पहिलं जमणार नाही. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे, कारण इथे नॉर्थ कॅरोलिनात, आपल्या कॅरीच्या आसपास, बऱ्याच मराठी घरांच्या मागे आता ब्लूबर्डच्या, म्हणजे इथल्या एका निळ्या पक्ष्याला घरटं करता यावं म्हणून लावलेल्या, लाकडी पेट्या दिसतात. माझ्याकडे झालं ते आणखीही काही जणांकडे झालं असणार. कुणी बोलत नाही, एवढंच. तुम्ही खोदून विचारलं नसतंत तर मीही बोललो नसतो.

आमची पहिली पेटी दुकानातली. लाल छप्पर, पांढऱ्या भिंती, दाराखाली बसायला इवलीशी दांडी. डेकच्या कठड्यालाच स्क्रूने बसवली, म्हणजे चहा पिता पिता दिसेल. शेजारी दाण्यांचं फीडर. आई तेव्हा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. ती रोज सकाळी कठड्यावर मूठभर बाजरी टाकायची आणि चिमण्या जमल्या की मगच तिचा दिवस सुरू व्हायचा. "आपल्याकडे आता दिसत नाहीत रे. इथे बघ किती!"

फेब्रुवारीच्या शेवटी तो आला, ब्लूबर्डचा नर. पाठ शाळेतल्या निळ्या शाईच्या दौतीत बुडवून काढलेली, छाती विटकरी, पोट पांढरं. मादी तशीच, पण दोनचार धुण्यांनंतर रंग उतरावा तशी. नर तोंडात गवताची काडी धरून भोकात जायचा, बाहेर यायचा, पंख फडफडवायचा आणि परत तीच काडी घेऊन आत. आई म्हणाली, "हा काम करतोय की काम करतोय असं दाखवतोय?" नंतर तुमच्याकडून कळलं की आईचं बरोबर होतं. घरटं सगळं मादीच बांधते, नराचं ते फक्त जागा दाखवणं असतं.

एप्रिलच्या सुरुवातीला चार अंडी झाली. फिकट निळी. आणि दुसऱ्याच आठवड्यातल्या एका शनिवारी पेटीतून आवाज येईना, नर समोरच्या तारेवर बसून नुसता ओरडत होता, म्हणून मी छप्पर उचकटून पाहिलं. वर अस्ताव्यस्त गवत, पिसं, प्लॅस्टिकचा तुकडा. ते बाजूला केलं तर खाली मादी. डोकं टोचून फोडलेलं. तिच्या अंगावरच कुणीतरी नवं घर बांधायला घेतलं होतं.

मला वाटलं मांजर. आईला वाटलं साप. मांजर वर घरटं बांधत नाही, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. मंडळाचा पाडवा, नेहमीसारखाच दोन आठवडे उशिरा. श्रीखंड-पुरीच्या रांगेत मी कुणाला तरी हे सांगत होतो आणि मागून तुम्ही विचारलंत, "भोक केवढं आहे? आणि खाली दांडी आहे का?" आपली ओळखही नव्हती. दुसऱ्या दिवशी तुम्ही गाडीच्या डिकीत ड्रिल, सीडरच्या फळ्या आणि गुडघ्याला पट्टा अशा थाटात आमच्या दारात. लाल छपराच्या पेटीकडे बघून म्हणालात, "ही पक्ष्यांसाठी केलेली नाहीये. माणसांसाठी केलीय."

गॅरेजमधले ते तीन तास मी विसरणार नाही. पाऊण इंच जाडीची फळी, आतून रंग नाही. तळ पाच बाय पाच इंच. एक बाजू खिळ्यावर फिरणारी, म्हणजे आत बघता येईल. भोकाखाली आतल्या बाजूने करवतीच्या आडव्या खाचा, पिल्लांना पाय रोवून वर चढायला. दांडी अजिबात नाही, ब्लूबर्डला ती लागत नाही. आणि भोक दीड इंच, एक धागाही जास्त नाही. तेवढ्यातून स्टार्लिंग, म्हणजे ढोल्या बळकावणारा मैनेच्या कुळातला पक्षी, आत जाऊ शकत नाही.

फळीला भोक पाडता पाडता तुम्ही सांगितलेलं मला तुटक तुटक आठवतं. ब्लूबर्ड कस्तुराच्या कुळातला, चोच नाजूक, स्वतः लाकूड कोरू शकत नाही. सुतारपक्ष्यांनी सोडून दिलेल्या ढोलीत राहणारा. वाळकी झाडं तोडली गेली, कुंपणाचे लाकडी खांब जाऊन लोखंडी आले, ढोल्या संपल्या. ज्या उरल्या त्यांवर युरोपातून आणलेल्या दोन पक्ष्यांनी हक्क सांगितला. १८५० च्या दशकात ब्रुकलिनमध्ये चिमण्या सोडल्या आणि १८९० मध्ये सेंट्रल पार्कात स्टार्लिंग. मग १९३४ मध्ये इलिनॉयातल्या क्विन्सीच्या मसलमन नावाच्या गृहस्थांनी रस्त्याकडेला ओळीने पेट्या लावायला सुरुवात केली. त्याच वाटेने पुढे झेलेनी नावाचे आणखी एक गृहस्थ आले, त्यांनी १९७८ मध्ये ब्लूबर्डसाठी अख्खी संस्था काढली. आणि आपल्याच राज्यात, बेली गावच्या जॅक फिंच नावाच्या शेतकऱ्याने हजारो पेट्या केल्या. "सरकारने नाही हं, गॅरेजवाल्यांनी वाचवला हा पक्षी," असं म्हणून तुम्ही भुसा फुंकलात, तो सगळा माझ्या चहात गेला.

मी विचारलं, "स्टार्लिंगचं कळलं. पण चिमणी तर या भोकातून जाईल ना?"

"जाईल. तिच्यासाठी भोकाचं माप नाही. तिच्यासाठी तुमच्या सवयी बदलायच्या."

आणि इथे आई दारात उभी होती, हातात बाजरीचा डबा.

काकू, मी खरे आभार मानतोय ते या प्रसंगाबद्दल. लाकूडकाम मी कुठल्याही व्हिडिओवरून शिकलो असतो. पण जिने लहानपणी मला चिऊताईचं घर मेणाचं आणि कावळ्याचं घर शेणाचं असं सांगत भात भरवला, त्या बाईला "ही चिमणीच मारते" हे सांगायचं कसं, ते मला येत नव्हतं. मी लपवलंच असतं. तुम्ही लपवलं नाहीत. तुम्ही आईला खाली बसवलंत, मादीच्या डोक्यावरची जखम चिमणीच्या नराचीच कशी ओळखायची ते सांगितलंत आणि थांबलात. आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "चिमणीचं घरटं मोडलं तर पाप लागतं हो."

"ती इथली नाहीये ताई. बाहेरून आणलेली आहे."

"मग आपण तरी कुठे इथल्या?"

मला वाटलं आता तुम्ही काहीतरी तयार उत्तर द्याल. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "हो ना. म्हणून मी तिला मारत नाही. फक्त इथे बसू देत नाही." इथले कितीतरी जुने ब्लूबर्डवाले चिमण्या पिंजऱ्यात पकडून मारतात, कायदाही त्यांना अडवत नाही. तुम्ही ते कधी केलं नाहीत, आणि करणाऱ्यांना नावंही ठेवली नाहीत. आईने त्या दिवशी डबा आत नेला. मला काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ती बाजरी भिजत घातली आणि घाटा केला.

पेटी डेकवरून उचलून पार मागच्या मोकळ्या गवतात गेली, घरापासून जितकी लांब तितकी बरी, कारण चिमणी माणसाला धरून राहते आणि ब्लूबर्डला आखूड गवताची मोकळी जमीन लागते, वरून टिपून खाली झेपावायला. खांब म्हणून वायरिंगचा लोखंडी पाइप. त्यावर, पेटीच्या खाली, शेगडीच्या धुराड्याचा दोन फुटी पत्र्याचा नळा, वरून जाळीने बंद केलेला. तो कशाला, हे मला जूनमध्ये कळलं, जेव्हा धामणीच्या लांबच्या भावकीतला एक काळा रॅट स्नेक त्या नळ्याच्या आत डोकं घालून दहा मिनिटं विचार करत होता आणि मग निघून गेला. पेटी तेव्हा रिकामीच होती. त्या वर्षी ब्लूबर्ड परत आलेच नाहीत.

यंदा मार्चमध्ये नर आला, आणि त्याच्या पाठोपाठ चिमणाही. पाइप असो की मोकळं गवत, चिमण्याने पेटी धरली. तुम्ही आधीच सांगितलं होतं की चिमण्याचा जीव मादीपेक्षा जागेत जास्त अडकतो, त्यामुळे एकदा घरटं काढून भागत नाही. पहिल्यांदा काढलं तो दिवस नेमका २० मार्च. नाशिकच्या मोहम्मद दिलावरांच्या पुढाकाराने २०१० पासून जगभर पाळला जाणारा चिमणी दिन. आमच्या घरच्या ग्रुपवर सकाळपासून "चिमणी वाचवा" चालू होतं. मामाने पुठ्ठ्याच्या खोक्याचं घरटं करून फोटो टाकला होता. आणि मी इकडे हातमोजे घालून चिमणीचं घरटं पिशवीत भरत होतो. अंडं नव्हतं, तरी हात थरथरत होते. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही "शाब्बास" म्हणाला नाहीत, "काही वाटून घेऊ नकोस" असंही नाही. तुम्ही म्हणालात, "वाईट वाटतंच. मला अजून वाटतं. उद्या परत बघ." फोन चालू ठेवलात, मी पेटी पुसून होईपर्यंत. नऊ दिवसांत चार वेळा काढलं. पाचव्यांदा चिमणा आला नाही.

२ एप्रिलला पहिलं निळं अंडं. त्याच दुपारी तुम्ही मंडळाच्या गणपतीच्या मखरातल्या उरलेल्या चकचकीत पट्ट्या घेऊन आलात आणि पेटीच्या छपरावर टेकतील अशा टांगल्यात. चिमण्या त्यांना बिचकतात, अंडं घातलेली ब्लूबर्ड मादी बिचकत नाही. अंड्याच्या आधी लावल्या तर तीही जाते, म्हणून तुम्ही दोन दिवस पट्ट्या गाडीत ठेवून वाट बघत होतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

रोज सकाळी एक, अशी ६ तारखेपर्यंत पाच अंडी. मग ती बसली. नर तिला अळ्या आणून द्यायचा. हो, अळ्यांवरून आठवलं. ब्लूबर्डसाठी आणलेल्या मीलवर्मचा, म्हणजे विकत मिळणाऱ्या जिवंत अळ्यांचा, डबा फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी ठेवायचा की नाही, यावरून आमच्या घरी जे झालं त्याची जबाबदारी तुमची. आता तो दाराच्या खालच्या कप्प्यात, काळ्या पिशवीत, पाहुण्यांना न दिसेल असा असतो.

२० एप्रिलला चार पिल्लं. पाचवं अंडं तसंच राहिलं. एका संध्याकाळी जोराचा पाऊस झाला आणि त्यानंतर एक पिल्लू खाली गवतात सापडलं, मुठीएवढंही नाही. मी त्याला हात लावेना. आपल्याकडे लहानपणापासून सांगतात ना, माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते. तुम्ही फोनवरच ओरडलात, "कोण सांगतं? उचल आणि आत ठेव, गार पडेल ते!" ठेवलं. वीस मिनिटांनी मादी नाकतोडा घेऊन आत गेली.

बाराव्या दिवसानंतर पेटी उघडायची नाही, पिल्लं घाबरून वेळेआधी बाहेर उड्या टाकतात, हा तुमचा नियम आमच्या चिरंजिवांनी फ्रिजवर लिहून लावला होता आणि मलाच दोनदा दाखवला. ८ मेला, सकाळी साडेसातच्या सुमारास, पहिलं डोकं भोकात आलं. छातीवर ठिपके. आईला व्हिडिओ कॉल लावला, साताऱ्यात संध्याकाळचे पाच वाजले होते. समोरच्या डॉगवुडच्या झाडावर बाप बसून बोलावत होता. पहिलं उडालं ते थेट फांदीवर. दुसरं कुंपणावर आपटलं, घसरलं, परत उडालं. तिसऱ्याने आम्हाला चाळीस मिनिटं ताटकळत ठेवलं. चौथं कधी गेलं ते कळलंच नाही, आई तेव्हा मला विचारत होती की चिमण्या हल्ली कुठे बसतात. सांगितलं, समोरच्या दुकानाच्या पाटीमागे. "मग ठीक आहे," म्हणाली.

एक कबुली राहिली. गेल्या वर्षी आईने अंगणातलं एक निळं पीस पोथीत ठेवायला उचललं होतं आणि तुम्ही रानपक्ष्याचं पीसही जवळ ठेवू न देणाऱ्या १९१८ सालच्या कायद्याचं नाव घेऊन ते परत गवतात टाकायला लावलंत. तिने टाकलं. पण त्याआधी ते कपाळाला लावलं होतं, हे तुम्हाला सांगू नकोस असं तिने मला सांगितलं होतं.

आता जूनमध्ये दुसरी वीण चालू आहे, तीन अंडी आहेत. पहिल्या खेपेतलं एक ठिपकेवालं पोर अजून पेटीजवळ घुटमळतं. तुमचा गुडघा बरा असेल तर रविवारी चहाला या. येताना ड्रिलचं दीड इंची बिट शोधत बसू नका, ते माझ्याकडेच राहिलंय, आणि इतक्यात परत मिळणार नाही. समोरच्या घरातल्यांनी पेटी मागितली आहे. त्यांच्याकडे दाण्यांचं फीडर आहे आणि घरात एक आजी आहेत.

आपला,
मागच्या गल्लीतला