दर वेळी ते पित्त नसतं

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत डोकेदुखीवरचे घरगुती उपाय वाचले, सुंठीचा लेप, मोरावळा, कोकम सरबत वगैरे. उपायांना माझी काही ना नाही, सुंठ मी पण लावते, बरं वाटतं. पण अख्ख्या लेखात डोकं दुखतंय म्हणजे पित्त वाढलंय एवढंच धरून चाललेत आणि असल्याच समजुतींपायी माझ्या आईची तीस वर्षं आणि माझी दहा वर्षं गेली म्हणून लिहायला बसले.

आमच्याकडे आईचं पित्त म्हणजे ठरलेलं. चतुर्थीचा उपास झाला नाहीतर उन्हातून लग्नाला जाऊन आली की संध्याकाळी डोक्याला फडकं आवळून खिडक्या लावून पडायची, टीव्ही बंद, कुकरची शिट्टी सुद्धा नको, फोडणीचा वास आला तरी तिला मळमळायचं. मग मोरीत जाऊन घशात बोटं घालायची, पिवळं पाणी पडलं की म्हणायची बघ केवढं साठलं होतं. आता कळतंय की अर्धं डोकं ठणकणं, उजेड आवाज सहन न होणं, मळमळ उलटी, जिना चढला तरी दुखणं वाढणं आणि हे सगळं चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालणं म्हणजे सरळ सरळ मायग्रेन. उलटीनंतर बऱ्याच जणांना उतार पडतो हे खरंय, पण दुखणं पोटातून वर चढत नाही, अटॅक आला की उलट पोटाचंच काम मंदावतं आणि म्हणूनच उशिरा घेतलेली गोळी नुसती पोटात पडून राहते. गोळी सुरुवातीलाच घ्यायची आणि उलटीची गोळी जोडीला द्यायची ती ह्यासाठी. आईचं पाळी गेल्यावर आपोआप कमी झालं, बऱ्याच बायकांचं होतं तसं, श्रेय मात्र ती अजून मोरावळ्यालाच देते!

माझी गंमत वेगळीच. मी पित्ताच्या ऐवजी सायनस म्हणायचे. ना ताप, ना नाकातून घट्ट पिवळं काही, तरी सायनस. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला नुसतं डोकं म्हटलं की तो पट्टी कापून हातात द्यायचा, कॅफिन घातलेली कॉम्बिनेशन गोळी, चहाबरोबर घेतली की अर्ध्या तासात मोकळी. आधी आठवड्याला एक, मग दोन, मग सकाळी उठल्या उठल्याच डोकं जड म्हणून रोज. शेवटी न्यूरोलॉजिस्टकडे गेले तर त्यांनी स्कॅन लिहून द्यायच्या आधी विचारलं, महिन्यात किती दिवस गोळी घेता? मला सांगताच येईना. घरी कालनिर्णयच्या चौकोनात दुधाच्या हिशोबाशेजारी फुल्या मारल्या तर महिन्यात 22 निघाल्या. ते म्हणाले मूळ दुखणं सायनस नाही, मायग्रेनच, पण आता गोळीच डोकं दुखवतीये. अशा कॉम्बिनेशन गोळ्या महिन्यात 10 किंवा जास्त दिवस, साधी पॅरासिटामॉल 15 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की हा त्रास होऊ शकतो, आधी मायग्रेन असलेल्यांना तर जास्तच. गोळी बंद केल्यावर पहिले आठ दहा दिवस कसे काढले माझं मलाच माहीत, शाळेत रजा टाकली होती. जोडीला रोज घ्यायची प्रोप्रॅनोलॉल सुरू केली, अटॅक येऊच नयेत म्हणून. त्यावर सासूबाईंचं सुरू, बीपी नाही तर बीपीची गोळी कशाला? तर ती मायग्रेनलाही चालते, दमेकऱ्यांना मात्र चालत नाही, आणि फरक दिसायला दोन महिने थांबावं लागतं, इथेच लोक मधे सोडून देतात. आता महिन्याला दोन तीन फुल्या असतात.

टेन्शनची डोकेदुखी सगळ्यांना माहितीये, दोन्हीकडून पट्टा आवळल्यासारखी, उलटी नाही, माणूस कुरकुरत का होईना काम करतो, त्यावर फार लिहीत नाही. पण आमच्या दिरांना झालं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. रोज रात्री दोनच्या सुमारास उठायचे, एकच डोळा लालबुंद, पाण्याची धार, त्याच बाजूचं नाक गळतंय आणि झोपून राहणं शक्यच नाही, अंगणात येरझाऱ्या, भिंतीला डोकं टेकायचे. तासाभरात सगळं साफ. दात समजून एक दाढ काढून झाली, चांगली होती बिचारी. निघालं क्लस्टर हेडेक. मायग्रेनवाला अंधारात निपचित पडतो आणि हा गप्प बसूच शकत नाही, एवढा एक फरक माहीत असता तरी दाढ वाचली असती. त्यावर साध्या गोळ्यांचा उपयोग नाही, मास्क लावून मिनिटाला 12 ते 15 लिटर ऑक्सिजन द्यायचा, पंधरा वीस मिनिटांत बऱ्याच जणांचं उतरतं. घरी सिलिंडर आलेला बघून शेजारच्या काकू विचारायला आल्या, कोविड परत आला का म्हणून.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी उपायांच्या शेजारी एक चौकट टाका. मिनिटाभरात वीज पडल्यासारखं आयुष्यात कधी नव्हतं एवढं दुखलं, तापाबरोबर मान ताठ झाली, हातपाय लुळा पडला नाहीतर बोलणं अडखळलं, डोक्याला मार लागल्यानंतर दुखणं वाढत चाललं, तर लेप नाही, थेट हॉस्पिटल. आणि पन्नाशीनंतर पहिल्यांदाच कानशिलात दुखायला लागलं, केसातून कंगवा फिरवला तरी दुखतं, भाकरी चावताना जबडा भरून येतो, असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, त्यात डोळा जाऊ शकतो. मोरावळ्याची कृती थोडी बारीक अक्षरात छापली तरी चालेल.

आपली,
एक वाचक, सातारा