चिंचेऐवजी उमेबोशी

ताकाओका, जपान
मंगळवार, २९ एप्रिल २०२५

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

आज इथं सुट्टी आहे. फोनवर तू ‘जेवलीस का’ आणि ‘थंडी आहे का’ याच्या पुढं जात नाहीस, आणि मला सांगायचंय ते तेवढ्यात मावणारं नाही, म्हणून लिहायलाच बसले. बाबा, तुम्ही वाचून दाखवाल तेव्हा मधलं गाळू नका. माझ्या चुकीचा भाग तर मुळीच नको.

चूक अशी, की आजोबांनी घडवलेला तांब्या मी काळा पाडला. निघताना तू तो माझ्या बॅगेत साडीत गुंडाळून ठेवलास आणि म्हणालीस, रोज पुसत जा. पहिले दोन महिने पुसला. मग इथला हिवाळा आला. समुद्रावरून ओला, जड बर्फ येतो, आठवडाच्या आठवडा ऊन दिसत नाही. तांब्या सिंकशेजारी ओलाच राहायचा. मार्चमध्ये एकदा सकाळी नीट पाहिलं, तर तो आधी विटकरी, मग कॉफीसारखा आणि काठाशी पार काळपट झाला होता. बुडाशी हिरवट जंगालाचा एक ठिपकाही. मला तुझा चेहरा दिसला.

भांड्यांच्या साबणानं काहीच झालं नाही. चिंच इथल्या दुकानात मिळत नाही. मग एकदा डब्यात भाताच्या मधोमध ठेवलेली उमेबोशी खाल्ली. उमेबोशी म्हणजे मिठात मुरवून वाळवलेलं एक आंबट फळ. पहिल्या घासाला डोळे मिटतात इतकं आंबट, आणि तितकंच खारट. खाता खाता डोक्यात आलं, अगं, ही तर चिंच आणि मीठ एकत्रच आहे! घरी येऊन तिचा गर तांब्याला चोळला.

आजी, तू हे आयुष्यभर केलंयस, पण तू कधी थांबून पाहिलंस का गं? अंगठा जिथून सरकतो तिथला काळपटपणा पातळ होतो, आणि खालून आधी पिवळं नाही, लाल नाही, गुलाबी तांबं वर येतं. आंब्याला कोवळी पालवी फुटते ना, तिचा रंग. मिनिटभरच. पाण्यानं धुऊन लगेच कोरडं केलं नाही, तर ती पालवी तिथल्या तिथं सुकून डाग पडतो. तू आम्हाला ‘पुसा, पुसा’ म्हणून का ओरडायचीस ते आत्ता कळलं. बाकी बहुतेक धातू पांढरे किंवा करडे चमकतात, कारण ते येणारा जवळजवळ सगळाच उजेड परत देतात. तांबं निळा-हिरवा उजेड बराचसा स्वतःकडं ठेवून घेतं आणि उरलेला आपल्याला देतं. म्हणून ते खिडकीतल्या ढगाळ उजेडातसुद्धा ऊन पडल्यासारखं दिसतं. इथल्या हिवाळ्यात हे किती मोठं आहे ते इथं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

अर्धा तांब्या घासून झाला होता, तेवढ्यात आमचे घरमालक आजोबा भाड्याची पावती द्यायला आले. दारातूनच त्यांनी तांब्या पाहिला आणि म्हणाले, ‘मोत्ताइनाई!’ म्हणजे आपल्या भाषेत, अरेरे, फुकट घालवलंस! मला वाटलं, उमेबोशी वाया घालवली म्हणून. तर नाही. मी तो काळपट रंग घासून काढला, म्हणून ते हळहळत होते.

आता हे गाव काय आहे ते सांगायला हवं, नाहीतर तू म्हणशील, म्हातारा चक्रम दिसतो. १६११ साली इथल्या सरदारानं, माएदा तोशिनागानं, सात ओतारी बोलावून त्यांना कानायामाची भागात वसवलं. पेशवाईत आपले लोक कोकणातून पुण्याला आले, तसंच थोडंफार. आधी लोखंडी कढया आणि शेतीची अवजारं, मग तांब्या-पितळेच्या घंटा, देव्हाऱ्याची उपकरणी. जपानमधल्या असल्या ओतीव वस्तूंतल्या सुमारे ९० टक्के आजही या एका गावातून जातात. गल्लीत लाकडी जाळ्यांची जुनी घरं आहेत आणि रस्त्याच्या फरसबंदीत मध्येच तांब्याचे तुकडे बसवलेत. पाऊस पडून गेला की ते तेवढेच लकाकतात. पायाखाली हं! मी पहिल्यांदा गेले तेव्हा पाऊल ठेवायला संकोच वाटला.

पण गल्ली शांत आहे. आपल्या तांबट आळीत शिरायच्या आधी ठोके ऐकू येतात, तसं काही नाही. हे ओतणारे, आपण ठोकणारे. बरोबरच आहे म्हणा, पण मला चुकल्यासारखं होतं.

तर आमचे घरमालक रंगकाम करायचे. म्हणजे ओतून, घासून लखलखीत झालेल्या वस्तूची चमक मुद्दाम मारायची! मुळ्याच्या किसात घोळायची, मोरचुदाच्या पाण्यात उकळायची, कधी भाताच्या कोंड्याचा लेप देऊन भाजायची. मग कुणाला गडद तपकिरी, कुणाला हिरवा, कुणाला ठिपक्याठिपक्यांचा रंग चढतो. मुळा कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, रंग सगळीकडं सारखा चढावा म्हणून. तुझ्या चिंचेच्या गोळ्यामागं जसं कुणाचंतरी डोकं आहे, तसं त्या मुळ्यामागंही असणार. त्यांच्या कपाटातली एक फुलदाणी त्यांनी मला दाखवली. लांबून नुसती मातकट. हातात घेऊन दिव्याखाली फिरवली तेव्हा खोलवरून एक लालसर उजेड सरकत गेला, राखेखालच्या निखाऱ्यासारखा. खरं सांगू? सुंदर होती. तरी मी काही लगेच पार्टी बदललेली नाही. देवाच्या भांड्याला काळं पडू द्यायचं, हे माझ्या हाताला अजून पटत नाही.

इथं एक गंमत पाहिली, ती तुला नक्की आवडेल. नुसत्या कथलाच्या वाट्या. आपल्या कल्हईचं कथील, पण आतून लावलेलं नाही, अख्खं भांडंच त्याचं. इतकं मऊ, की वाटीचा काठ हातानं वाकवता येतो, आणि वाकवताना ते आतल्या आत कुरकुरतं. मला एकदम आपल्या बोळातला कल्हईवाला आठवला. भात्याचा फसफस आवाज, नवसागराचा नाकात जाणारा पांढरा धूर, आणि कापसाचा बोळा एकदा गर्रकन फिरला, की काळ्या पातेल्यात चांदणं पसरायचं. आम्ही पोरं त्या एका क्षणासाठी तासभर उकिडवी बसायचो. कथील २३२ अंशांलाच वितळतं, म्हणून त्याला चुलीएवढी आच पुरायची. तेव्हा आम्हाला ती जादू वाटायची. अजूनही जादूच वाटते, आकडा कळला म्हणून काही कमी झाली नाही.

आता दुसरी कबुली. परवा, रविवारी, अवसेच्या रात्री मी समुद्रावर गेले होते. रागावू नकोस, एकटी नव्हते, ऑफिसातल्या दोघीजणी होत्या. आणि जायचं ते अवसेलाच असतं. इथल्या तोयामाच्या उपसागरात होतारुइका नावाचं बोटभर माकूल, म्हणजे स्क्विड, असतं. होतारु म्हणजे काजवा, इका म्हणजे माकूल. एरवी ते खोल पाण्यात राहतं. मार्च ते मे मध्ये अंडी घालायला किनाऱ्याजवळ येतं, आणि चंद्र नसलेल्या रात्री कधीकधी लाटांबरोबर थेट वाळूवर येऊन पडतं.

आम्ही एक वाजता पोचलो. गमबूट घातलेली, हातात जाळी नि कपाळाला टॉर्च अशी निदान तीसचाळीस माणसं आधीच उभी होती. बराच वेळ काही नाही, नुसती थंडी. मग एक लाट फुटली आणि तिच्या काठाला निळी किनार आली. पैठणीच्या काठाला जर असते तशी, पण निळी, आणि विझत विझत वाळूत जिरणारी. मी वाकून एक ओंजळीत घेतलं. थंडगार, बुळबुळीत, माझ्या तर्जनीएवढं. त्याच्या दोन बाहूंच्या टोकांना मोहरीएवढे दिवे होते, आणि ते इतके प्रखर निळे पेटले, की माझ्या तळव्यावरच्या रेषा दिसल्या. मग विझले. मी हात पाण्यात सोडला.

आपण तुझ्या माहेरी भंडारदऱ्याकडं गेलो होतो, पावसाच्या आधी, तेव्हा काजव्यांनी भरलेलं अख्खं झाड एका तालात उघडमीट करत होतं. आजोबा म्हणाले होते, बघा, कसा ताल धरलाय, नाहीतर तुम्ही! काजवे जोडीदाराला हाक मारतात. ही माकुलं हात पेटवतात ती बहुतेक शत्रूला दिपवायला. पोटालाही बारीक दिवे असतात, ते मात्र लपण्यासाठी. खालून बघणाऱ्या माशाला वरच्या उजेडात त्यांची सावली दिसू नये म्हणून. उजेडात लपायचं! आणि हो, खाल्ली का विचारशील, तर खाल्ली. उकडलेली, आंबट मिसोबरोबर, म्हणजे सोयाबीनच्या खारट लगद्याबरोबर. सोमवारी कामावर दिवसभर पेंगत होते.

आता तांब्याचं पुढं. घरमालकांनी तो त्या दिवशी हातात घेतला, नखानं वाजवला, कानाशी धरला. त्यांना वाटलं होतं, ठोके नक्षीसाठी असतील. मी म्हटलं, नाही, ठोकलं की तांबं कडक होतं, भांड्याला पोचे पडत नाहीत, चमक ही वरकड मिळते. हे ऐकून ते खूश झाले. मग त्यांनी तो खिडकीकडं धरून हळूहळू फिरवला. घासलेल्या अर्ध्या भागात प्रत्येक ठोक्यात एकेक खिडकी होती, ओळीनं, दाण्याला दाणा लावल्यासारखी. फिरवता फिरवता ते थांबले. गळ्याच्या खाली, तिसऱ्या ओळीत, उजेड अडखळत होता. तिथं सात-आठ ठोके जरा तिरके आहेत, उथळ आहेत, एकमेकांवर चढलेत. पुढं पुन्हा आजोबांची ओळ सुरू होते, सरळ. घरमालकांनी तिथं अंगठा ठेवला आणि म्हणाले, ‘इथं हात बदललाय.’

इतकी वर्षं हा तांब्या घरात होता, मला कधी दिसलं नाही. तुझ्या घासण्यानं तो सगळाच इतका झगझगीत असायचा, की नजर ठरायचीच नाही. अर्धा काळा राहिला म्हणून ते दिसलं, असं मला वाटतं. उरलेला अर्धा मी घासलेला नाही. उद्या अक्षय्य तृतीया, तो तसाच, अर्धा उजळ अर्धा काळा, पाणी भरून देवापुढं ठेवणार आहे. चालेल ना?

आणि बाबांकडून लिहून कळव, आजोबांनी त्या दिवशी हातोडी कुणाच्या हातात दिली होती? बाबा तेव्हा लहान असतील, पण ठोके लहान पोराचे वाटत नाहीत. तू होतीस का?

तुझी,
मनू