रॉली, कोलंबस की हंट्सव्हिल: लेकीला पत्र

चि. रेवतीस,
अनेक आशीर्वाद.

रॉली (नॉर्थ कॅरोलिना), कोलंबस (ओहायो) आणि हंट्सव्हिल (अलाबामा) अशा तीन शहरांतून तीन ऑफर आल्या आणि तू विचारलंस, यातलं कुठलं शहर पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सगळ्यात जास्त वाढेल. तू एच-१बी या नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर आहेस, म्हणून मी हा प्रश्न जरा फिरवून घेते. नोकरी गेली तर दुसरी शोधायला तुझ्या हातात जास्तीत जास्त साठ दिवस असतात, आणि भारतीयांसाठी ग्रीन कार्डाची रांग किती लांब आहे हे तुला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. तेव्हा घर न हलवता, रोज गाडीने जाऊन-येऊन करता येईल एवढ्या अंतरात तुझ्या क्लिनिकल डेटाच्या कामाचे एम्प्लॉयर किती आहेत, हे मी आधी बघेन. शहराच्या वाढीचा वेग त्यानंतर.

आता आकडे. २०१० ते २०२० या दोन जनगणनांमध्ये रॉली-कॅरी महानगर ११,३०,४९० वरून १४,१३,९८२ वर गेलं, म्हणजे पंचवीस टक्के. हंट्सव्हिल ४,१७,५९३ वरून ४,९१,७२३ वर, जवळजवळ अठरा टक्के. कोलंबस सुमारे १९ लाखांवरून २१,३८,९२६ वर, साधारण साडेबारा टक्के. टक्केवारीत कोलंबस शेवटचं दिसतं. पण माणसं मोजलीस तर हंट्सव्हिलमध्ये ७४ हजारांची भर पडली आणि कोलंबसमध्ये सव्वादोन लाखांहून जास्त लोकांची. लहान शहराची टक्केवारी लगेच फुगते, म्हणून दोन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवूनच बघ.

नुसत्या शहराचा आकडा कधीच घेऊ नकोस, पूर्ण महानगराचा, म्हणजे शहर आणि त्याला जोडलेल्या काउंट्यांचा घे. कोलंबसचे महापौर सेन्सेनब्रेनर यांनी १९५० च्या दशकात धोरणच ठेवलं होतं, की शहराचं पाणी आणि ड्रेनेज हवं असेल तर शहराच्या हद्दीत या. त्यामुळे कोलंबसची हद्द अवाढव्य झाली आणि शहराची लोकसंख्या मोठी दिसते. रॉलीचं उलटं आहे. सरकारी हिशेबात रॉली आणि डरहॅम ही दोन वेगळी महानगरं आहेत, आणि तुझं ऑफिस जिथे असेल तो रिसर्च ट्रँगल पार्क (संशोधन कंपन्यांची वसाहत) बहुतांश डरहॅम काउंटीत येतो. फक्त रॉलीचा तक्ता बघितलास तर तुझ्या क्षेत्रातल्या निम्म्या नोकऱ्या नजरेतून सुटतील. दोन्हींची बेरीज कर.

लोकसंख्या कशामुळे वाढते हेही वेगळं काढ. सेन्सस ब्युरो दरवर्षी काउंटीनुसार अंदाज देतो आणि त्यात तीन भाग असतात: जन्म-मृत्यूंतला फरक, देशांतर्गत स्थलांतर आणि परदेशातून आलेले. मला देशांतर्गत स्थलांतराचा रकाना सगळ्यात बोलका वाटतो, कारण अमेरिकेत कुठेही राहायची मुभा असलेली माणसं ते शहर निवडतायत की सोडतायत हे त्यातून कळतं. परदेशातून येणाऱ्यांचा आकडा व्हिसाच्या धोरणाबरोबर एका वर्षात खाली येऊ शकतो. ज्या महानगराची सगळी वाढ त्यावरच उभी असेल, तिथे घर घेताना हात आखडता ठेव.

खरी परीक्षा नोकऱ्यांच्या तक्त्यात आहे. ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सच्या साइटवर रोजगार आणि पगाराची तिमाही गणना मिळते, काउंटीनुसार आणि उद्योगाच्या कोडनुसार. तू ५४१७ (वैज्ञानिक संशोधन सेवा), ३२५४ (औषधनिर्मिती), ५४१५ (कॉम्प्युटर सिस्टिम्स) आणि ५२४१ (विमा कंपन्या) हे चार कोड काढ. बहुतेक जण नोकऱ्यांची संख्या बघून थांबतात, पण तू आस्थापनांची संख्याही बघ. पाच हजार नोकऱ्या साठ कंपन्यांत वाटल्या गेल्या असतील तर तुझे साठ दिवस निभावतील. दोनच कंपन्यांत असतील तर एका मंदीत तिथले सगळे एकाच वेळी रस्त्यावर येतात. एखाद्या खान्यात आकडाच दिला नसेल, माहिती उघड करता येत नाही एवढंच लिहिलं असेल, तर तीही माहितीच आहे. तिथे बहुधा एक-दोन मोठ्या कंपन्याच असतात आणि त्यांची गुप्तता राखायला ब्युरो आकडा झाकतो.

शहरातल्या नोकऱ्यांपैकी किती टक्के एका उद्योगात आहेत आणि देशभरात किती, या दोन टक्केवारींचा भागाकार कर. शहरात चार टक्के आणि देशात एक टक्का असेल तर उत्तर चार येतं. दोनच्या वर गेलं की त्या कामाची माणसं, कॉलेजं, वकील, पुरवठादार तिथे जमलेले असतात. मात्र एकाच उद्योगाचं उत्तर फार मोठं आणि बाकी सगळे एकच्या खाली असतील, तर ते शहर एका पायावर उभं आहे असं समज.

हंट्सव्हिलबद्दल म्हणूनच मला काळजी वाटते. शहर सुंदर चाललंय यात शंका नाही. रेडस्टोन आर्सेनल हा लष्करी तळ, त्याच्याच आवारात १९६० पासून नासाचं मार्शल सेंटर, १९६२ पासूनचा कमिंग्ज रिसर्च पार्क. २०२० च्या जनगणनेत त्याने बर्मिंगहॅमला मागे टाकलं आणि ते अलाबामातलं सगळ्यात मोठं शहर झालं. पण तिथला बराचसा पैसा संरक्षण आणि अंतराळाच्या केंद्रीय बजेटमधून येतो, आणि त्यातल्या बऱ्याच कामांना सिक्युरिटी क्लिअरन्स लागतो, जो नागरिकांनाच मिळतो. तुला ऑफर आली आहे ती बायोटेकची. ती गेली तर त्याच गावात दुसरी शोधताना जाहिराती शेकडो दिसतील आणि अर्ज करण्याजोग्या मोजक्याच निघतील. पासपोर्ट बदलल्यावर या शहराचा विचार जरूर कर, आज नको.

मोठमोठ्या घोषणांवर विसंबून घर घेऊ नकोस. इंटेलने जानेवारी २०२२ मध्ये कोलंबसजवळ न्यू ऑल्बनीत २० अब्ज डॉलरचे दोन चिप-कारखाने जाहीर केले आणि उत्पादन २०२५ मध्ये सुरू होईल असं सांगितलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पहिल्या कारखान्याची तारीख २०३०-३१ वर गेली. ॲपलने २०२१ मध्ये रिसर्च ट्रँगल पार्कसाठी तीन हजार नोकऱ्या जाहीर केल्या, तेही काम पुढे ढकललं गेलं. या बाजारातल्या तुरी आहेत. आसपासच्या जमिनीचे भाव मात्र घोषणेच्या दिवशीच चढतात आणि कारखाना लांबला की तो बोजा घर घेणाऱ्याच्या माथी बसतो. घोषणेऐवजी पगारपत्रकावरचे आकडे चढले का, हे त्याच तिमाही तक्त्यात बघत जा. तो पाच-सहा महिने मागे असतो, पण त्यात नोंद झालेल्या नोकऱ्या खऱ्या असतात.

तरी कोलंबस मला आवडतं. राज्याची राजधानी, ओहायो स्टेट विद्यापीठ, नेशनवाइड विमा कंपनी, मोठ्या बँकेची हजारो पदं, औषधवितरण, मेरीसव्हिलला होंडा. एक उद्योग बसला तर दुसरा तारून नेतो. दोन गोष्टींचा हिशेब मात्र आधीच मांड. पहिली म्हणजे शहराचा पगारावरचा कर. कोलंबसचा तो २.५ टक्के आहे, आणि जिथे काम करतेस ते गाव पहिला वाटा घेतं. डब्लिनमध्ये नोकरी आणि कोलंबसमध्ये घर असेल तर २ टक्के डब्लिनला जातात आणि उरलेला अर्धा टक्का कोलंबसला. २०२६ चा ओहायोचा सपाट दर २.७५ टक्के, म्हणजे मिळून सव्वापाच. नॉर्थ कॅरोलिनात राज्याचा ३.९९ टक्के आणि शहराचा पगारकर नाही. लाख डॉलर करपात्र पगारावर हा फरक साडेबाराशे डॉलरच्या आसपास जातो.

दुसरी गोष्ट शाळेची. कोलंबसच्या पत्त्यावरचं घर डब्लिन, हिलियर्ड किंवा वेस्टरव्हिलच्या शाळा-जिल्ह्यात असू शकतं. शहर आणि उपनगरांच्या शाळा-जिल्ह्यांमधल्या १९८६ च्या करारानंतर तशीच विभागणी राहिली. प्रॉपर्टी टॅक्सचा मोठा भाग शाळा-जिल्ह्यावर ठरतो, म्हणून एजंट काय म्हणतो ते सोड, काउंटी ऑडिटरच्या साइटवर घर शोधून टॅक्सिंग डिस्ट्रिक्टची ओळ स्वतः वाच.

रॉलीकडे माझा कल आहे. १९५९ पासून उभा असलेला पार्क, तीन बाजूंना ड्यूक, चॅपल हिल आणि एनसी स्टेट. कॅरीत सॅस (डेटा-विश्लेषणाचं सॉफ्टवेअर), डरहॅममध्ये आयक्यूव्हिया (औषधचाचण्यांचं काम), होली स्प्रिंग्जला फुजीफिल्म आणि ॲमजेनचे औषधांचे कारखाने, क्लेटनला नोव्हो नॉर्डिस्क. क्लिनिकल डेटाचं काम करणाऱ्या मुलीला एवढे दरवाजे एका टापूत क्वचितच मिळतात. घराची जागा निवडताना कॅरी, मॉरिसव्हिल, एपेक्स बघ. तिथून पार्क, डरहॅम आणि रॉली तिन्ही टप्प्यात राहतात. क्लेटनला घर स्वस्त पडेल, पण पार्कला जायला रॉली ओलांडून आय-४० वरून रोजची फरफट होईल.

वाढ टिकायची तर घरं बांधली गेली पाहिजेत. रॉलीत दशकभरात २.८३ लाख लोक वाढले, म्हणजे वर्षाला २८ हजार. घरामागे अडीच माणसं धरली तर वर्षाला सव्वाअकरा हजार घरं लागतात. सेन्ससच्या बिल्डिंग परमिटच्या तक्त्याशी हा आकडा ताडून बघ. परमिटं सतत कमी असतील तर भाव चढत राहतात. फार जास्त असतील तर ऑस्टिनसारखं होतं: तिथे नव्या अपार्टमेंटांचा पूर आला आणि २०२२ नंतर भाडी उतरली. अशा काळात घाईने घर घेण्यापेक्षा दोन वर्षं भाड्याने राहिलेलं बरं. पाणी आणि ड्रेनेजची क्षमता हाही तितकाच पक्का लगाम असतो. भूजल पुरणार नाही म्हणून ॲरिझोनाने जून २०२३ मध्ये फिनिक्सच्या कडेच्या बकआय आणि क्वीन क्रीकसारख्या भागांत निव्वळ भूजलावर नव्या वसाहतींना मंजुरी देणं थांबवलं. रॉलीला फॉल्स लेकचं आणि कॅरी-एपेक्सला जॉर्डन लेकचं पाणी मिळतं. नव्या वसाहतीत घर बघशील तेव्हा ड्रेनेज प्रकल्पाची मंजूर क्षमता टाउन कौन्सिलच्या कागदांत शोध.

सही करण्याआधी कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाकडून दोन उत्तरं लेखी घे. पर्म (ग्रीन कार्डाची पहिली पायरी) कधी सुरू करणार, आणि ऑफिस रिसर्च ट्रँगल पार्कमधून रॉलीत किंवा डरहॅममध्ये हललं तर तेच पर्म चालेल का. ते कामाच्या ठिकाणाशी आणि तिथून जाण्या-येण्याच्या अंतराशी बांधलेलं असतं. दुसऱ्या राज्यात बदली झाली तर बहुधा नव्याने करावं लागतं. त्या चार कोडांचे तक्ते काढलेस की मला पाठव. डरहॅम, वेक (रॉलीची) आणि फ्रँकलिन (ओहायोतली, कोलंबसची; नॉर्थ कॅरोलिनातही त्याच नावाची काउंटी आहे) या तीन काउंट्या आधी घे.

तुझी,
आई