काचेमागचं तुणतुणं : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी एका जिल्ह्याच्या गावचं वस्तुसंग्रहालय पाहिलं. तलवारी, नाणी, अडकित्ते (अडकित्त्यांना आपल्याकडे कधी तोटा नसतो) संपल्यावर कोपऱ्यातल्या कपाटात तमाशातलं एक तुणतुणं दिसलं. उलटं टांगलेलं; खुंटी खाली, कातडं वर. तार गायब. पाटीवर 'तंतुवाद्य, लाकूड' एवढंच. शेजारच्या घुंगरांच्या चाळांवर 'पैंजण' लिहिलेलं. पैंजण हा दागिना झाला; चाळ बांधून तमाशाच्या फडातली बाई रात्रभर काम करते.

'तेच तुणतुणं काय वाजवतोस' असं आपण वैतागून म्हणतो. पण तेच ते वाजणं हेच तर त्याचं काम. त्यावर चाल वाजत नाही. एकच तार, खुंटी पिळून गाणारीच्या पट्टीत लावलेली. ढोलकी कितीही उधळली तरी मागे उभ्या झीलकऱ्यानं, म्हणजे गाणारीला मागून सुरात साथ देणाऱ्यानं, तो सूर धरून ठेवायचा. हे त्या पाटीवर कुठे आहे?

पुण्यात दिनकर केळकरांनी पत्नी कमलाबाईंच्या साथीनं आयुष्यभर वस्तू जमवल्या आणि १९७५ मध्ये तो संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. त्यात वाद्यंही आहेत. जमवण्याचं काम अशा वेड्या माणसांनी करून ठेवलंय. आता वाजवणाऱ्यांना विचारायचं राहिलंय.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. १९१५ साली शाहू महाराजांनी बांधलेली ती वास्तू नकाशे, फोटो पाहून पुन्हा उभारता येते. झीलकऱ्याच्या बोटांचा मात्र नकाशा कुणी काढलेला नाही.

त्यासाठी नवी इमारत नको, समिती तर नकोच. ज्येष्ठ कलावंतांना तुमचं खातं मानधन देतं, म्हणजे त्यांची नावं-पत्ते दप्तरात आहेतच. त्यांना कपाटासमोर बोलवा, जाण्यायेण्याचा खर्च आणि दिवसाची बिदागी द्या, आणि पाटी त्यांच्या तोंडून लिहून घ्या. तिथंच वाजवून घ्या, मोबाइलवर ध्वनिमुद्रण झालं तरी चालेल. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, यात्रा कमिट्या सुपारी द्यायला येतात. तेव्हा संग्रहालयाचा एखादा माणूस तिथं वही घेऊन बसला तर आणखी बरं.

तोवर ते तुणतुणं तेवढं सुलटं टांगायला सांगा.

आपला,
एक तमाशाप्रेमी