शनिवारच्या भेटीआधी

सोलापूर

चि. मधुरा,
अनेक आशीर्वाद.

रविवारी पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस सुटेपर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस. त्या डेटिंग ॲपवरच्या मुलाला भेटू नकोस, असं मी म्हटलं नव्हतं. शनिवारी कुठे भेटणार, एवढंच विचारलं. 'बाबा, कंपनी सगळं तपासते,' असं तू म्हणालीस, आणि तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय.

सोमवारी साहेबांकडून नियम मागून घेतले. लग्न जुळवणाऱ्या साइटना सरकारने 2016 साली सूचना दिल्या आहेत. सभासदाचं ओळखपत्र घ्या, आणि ही साइट लग्नासाठी आहे, डेटिंगसाठी नाही, असं स्पष्ट लिहा. म्हणजे तुझं ॲप त्यातून बाहेरच. त्याला 2021 चे आयटी नियम लागू. तक्रार अधिकारी नेमायचा, तक्रारीची पोच 24 तासांत द्यायची, कुणी दुसऱ्याच्या नावाने वावरत असेल किंवा खासगी फोटो टाकले असतील तर तक्रार येताच ते काढायचे. हे सगळं तक्रारीनंतरचं आहे गं. शनिवारी तुझ्यासमोर कोण बसणार, ते आधी कोण बघणार? सभासद खोटं बोलला तरी नियम पाळणाऱ्या कंपनीला आयटी कायद्याच्या कलम 79 चं संरक्षण मिळतं. आणि प्रोफाइलवरची ती निळी खूण फार तर चेहरा आणि फोटो जुळल्याचं सांगते. त्याचं लग्न झालंय का, हे तिला कुठून कळणार?

अमेरिकेत एका माणसाच्या नावाने ग्राइंडर या डेटिंग ॲपवर खोटी खाती उघडली गेली आणि हजाराहून जास्त अनोळखी लोक त्याच्या दारात, कामावर येऊन धडकले, असं त्याचं म्हणणं होतं. वारंवार तक्रारी करूनही उपयोग झाला नाही, म्हणून तो कोर्टात गेला. 2019 मध्ये अपील कोर्टानेही कंपनीच्याच बाजूने निकाल दिला. हे वाचल्यापासून मला झोप नाही.

आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं कलम 69 आहे, लग्नाचं खोटं वचन देऊन फसवणाऱ्यासाठी. पुढचं तुझं तू वाच, बापाला लिहिता येत नाही. शिक्षा 10 वर्षांपर्यंत, पण ती फसवणाऱ्याला, कंपनीला नाही.

बघ, पुन्हा सांगत सुटलो. रागावू नकोस. तू धांदरट नाहीस, हे मला ठाऊक आहे. लहानपणी गड्ड्याच्या जत्रेत आत्याचा हात सुटला, तेव्हा तू रडत बसली नाहीस. होम मैदानावरच्या पोलिसांच्या मंडपात जाऊन माझं नाव, साखर पेठ, आजोबांचं दुकान, सगळं घडाघडा सांगितलंस. आई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ऐकवते. मी ऐकवत नाही, कारण त्या अर्ध्या तासात माझं काय झालं होतं ते मला माहीत आहे.

म्हणून एवढंच कर. त्याचं नाव आणि हॉटेलचं नाव मला पाठव. मला पाठवायला नको वाटत असेल तर आत्याला पाठव. त्याच्या गाडीत बसू नकोस, पैसे मागितले तर देऊ नकोस. दिलेच गेले तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन कर. फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द नाही म्हणून कुणी परत पाठवलं तर झिरो एफआयआर माग.

शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन बंडू शुक्रवारी पुण्याला येतोय. त्याला यातलं काही सांगितलेलं नाही.

तुझे,
बाबा